बायची पाठवणी : भुईगाव ते डेहराडून, बंद कंटेनरमधून

दारातली जुनी गाडी लांबच्या कुणाकडे पाठवायचा विचार असेल, तर हे जरूर वाचा. मी केलं त्यातलं निम्मं करा, निम्मं चुकूनही करू नका.

आमची जीप बाबांनी तरुणपणी लष्कराच्या लिलावातून घेतली. भुईगावच्या आमच्या वाडीतली केळी, फुलं, विड्याची पानं तिने चाळीस वर्षं बाजारात नेली. बाबा तिला ‘बाय’ म्हणतात. मलाही ‘बाय’च म्हणतात, त्यामुळे लहानपणी हाक आली की नक्की कुणाचं काम आहे ते मला अंगणात जाऊन बघावं लागे. आता बाबांची नजर अधू झाली, शेडचे पत्रे खाऱ्या हवेने खाल्ले. डेहराडूनला स्थायिक झालेला माझा भाऊ नंदू म्हणाला, मी सांभाळतो. बाबा आठवडाभर शेडमध्येच बसून राहिले. मग एकच अट घातली. "नंदूच्या फाटकातून ती आपली आपण चालत आत गेली पाहिजे. ढकलत न्यायची वेळ आली तर परत आणा. इथेच गंजू दे."

म्हणजे जीप पोचवायची जबाबदारी माझी, आणि तीही चालू स्थितीत.

तीन ट्रान्सपोर्टवाल्यांकडे चौकशी केली. एकाच गाडीचे, एकाच रस्त्याचे तीन दर ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. उघड्या ट्रेलरपेक्षा बंद कंटेनर जवळजवळ दीडपट महाग पडतो, पण जुन्या रंगावर जीव असेल तर बंदच घ्या. आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती तयार ठेवा. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आरटीओचं ना-हरकत पत्र आधी काढा, त्याला वेळ लागतो.

निघायच्या दिवशी पहिला धक्का. भल्यामोठ्या कंटेनरचा ड्रायव्हर चर्चच्या वळणावर थांबला आणि फोनवर म्हणाला, "मॅडम, ही गल्ली आहे का पायवाट? गोखिवऱ्याच्या गोडाऊनला आणा गाडी." शेवटी मीच स्टिअरिंगवर बसले. आईने जीपपुढे नारळ फोडला. बाबा कुठेच नव्हते. ते केळीला पाणी द्यायला गेले होते. माझ्या लग्नात मी निघाले तेव्हाही ते केळीलाच पाणी देत होते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

गोखिवऱ्याला मॅनेजरने जीपचे चारी बाजूंनी फोटो काढले, नावापुरतं पेट्रोल ठेवलं, बॅटरीची वायर सोडवली.

"आत काही सामान नाय ना मॅडम? खायचं वगैरे?"

"काही नाही," मी म्हणाले आणि फॉर्मवर सही ठोकली. टूलबॉक्स उघडून बघायचं डोक्यातही आलं नाही. मंडळी, बघा. तिथेच उघडून बघा.

नऊ-दहा दिवस लागतील असं सांगितलं होतं. मी मुंबईहून रेल्वेने हरिद्वार गाठलं. प्रवास दीड दिवसाच्या आसपासचा, घरचे डबे न्या. स्टेशनबाहेर गरम कचोरी आणि पातळ बटाट्याची भाजी खाल्ली, आणि दोन तासांत बसने डेहराडूनला पोचले. डोंगर बघून मन एवढं हलकं झालं की पुढचं काही सुचलंच नाही.

नंदू आणि मी ट्रान्सपोर्टनगरात गेलो. कंटेनरचं दार उघडलं आणि आतून आंबूस वास आला. मागोमाग एक उंदीर माझ्या चपलेवरून गेला. मी किंचाळले. नंदूही किंचाळला, ते तो मान्य करत नाही. डॅशबोर्डखालच्या वायरी कुरतडून शेवयांसारख्या लोंबत होत्या. बाजूच्या सीटखालचा टूलबॉक्स उघडला तर आत उंदरांनी संसार थाटलेला! तांदूळ सांडलेले, सुपारी, एक नारळ आणि चौकड्यांच्या कापडाच्या चिंध्या.

ओटी! जीपची ओटी भरली होती! मी डोक्याला हात लावला. आईशिवाय हे कोण करणार? घाईत खण मिळाला नसेल, म्हणून हाताला लागलं ते कापड घेतलं असेल.

कंपनीच्या माणसाने शांतपणे माझ्याच सहीचा कागद माझ्यापुढे धरला. भरपाईचा विषय तिथेच संपला. यार्डातला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, सारी वायरिंग गई. टो करके ले जाओ."

टो करून म्हणजे ढकलतच की. बाबांना व्हिडिओ कॉल लावला, चिंध्यांवरून कॅमेरा फिरवला. "बघा आईचा प्रताप!"

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "ते तांदूळ बाजूला कर. बॅटरीवरून एक वायर थेट कॉइलला आण. दिवे-बिवे काय नको. इंजिन पुढून फिरवायचं हँडल काढ, नंदूला मारू दे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव म्हणावं, हँडल उलटं फिरलं तर मोडेल."

वायर जोडून झाल्यावर नंदूने घामाघूम होऊन आठ वेळा हँडल मारलं. नवव्या वेळी बाय खोकली, थरथरली आणि चालू झाली. इलेक्ट्रिशियनने हातातला चहा खाली ठेवला. भर दुपारी, बिनदिव्याची, बिनहॉर्नची जीप मी रस्ताभर ओरडत, हात दाखवत नेली. बाबा तोवर फोनवरच होते. चाकं फाटकातून आत गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "शिरली?"

"शिरली, बाबा."

त्यांनी फोन ठेवून दिला.

भुईगावला परतल्यावर आधी आईला गाठलं. ती ओट्यावर वाल सोलत होती. "अगं, ओटी भरलीस ते भरलीस, मला सांगायचं तरी!"

"मी?" आईच्या हातातला वाल खाली पडला. "गाडीची कुनी ओटी भरते काय? मी नारळ फोडला, तुझ्यासमोरच."

मी तशीच मागे शेडकडे गेले. बाबा तेलाचे डाग पडलेली रिकामी जमीन झाडत होते. त्यांच्या गळ्यात नेहमीचा चौकड्यांचा रुमाल नव्हता.

मला कळलं. या माणसाने? तांदूळ मोजून? सुपारी शोधून?

"रिकामी कशी पाठवायची तिला," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

इतक्या वर्षांचा राग वर आला. "आणि मी निघाले तेव्हा, बाबा?"

ते झाडायचे थांबले.

"तुझी भरायला तुझी आई होती, बाय. हिला कोन होतं?"