दरोगाच्या घरात बुंदी

अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या गल्लीत अब्दुल सत्तार यांचं गाद्यांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत ते मशीनवर कापूस पिंजतात आणि मधल्या खोलीत त्यांची बायको जहाँआरा गाद्यांना टाके घालते. बाई साठीला आली, तरी टाका अजून सरळ रेषेत पडतो.

जहाँआराला लहानपणापासून एकच खोड. जे दिसेल त्याला ‘काहून?’ विचारायचं. वांग्याला बाहेरून भोक नसताना आत अळी शिरली कुठून? चिमणीला घरटं बांधायला पंख्याचीच वाटी काहून लागते? शाळेत चौथीपर्यंत गेली, तेवढ्यात मास्तर कंटाळले. लग्नानंतर सत्तारभाई कंटाळले, मग सवयीचे झाले.

घरात सात वर्षांचा एक बोका होता. स्वतःहून आला आणि राहिला. दुकानात कापसाचं नवं पोतं आलं की आधी त्यावर चढून, चारही कोपरे हुंगून मगच बाजूला व्हायचा, म्हणून सत्तारभाईंनी त्याचं नाव ठेवलं दरोगा, म्हणजे फौजदार.

गेल्या हिवाळ्यात चार घरं पलीकडच्या वच्छलाबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलगा किशोर त्यांना अमरावतीला आपल्या घरी न्यायला आला. सून रागिणी मायाळू होती, पण तिला दमा. मांजराचा केस जरी हवेत उडाला तरी तिची छाती भरून यायची. वच्छलाबाईंची बुंदी, दीड वर्षाची पिवळ्या ठिपक्यांची मांजर, जाणार कुठं?

“भाभी, माह्या बुंदीले तुमी ठेवसान काय?” वच्छलाबाईंनी खाटेवरूनच विचारलं.

“काहून नाही ठेवणार? आमच्याकडं एक हायेच. त्याले सोबत होईन.”

सोबत कशी होते ते त्याच दुपारी कळलं. जहाँआरानं मधल्या खोलीत टोपली ठेवली आणि झाकण काढलं. दरोगा दारात उभा होता. त्याचं शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखं फुललं आणि सात वर्षांत कधी न ऐकलेला आवाज त्याच्या गळ्यातून निघाला. एक झडप, आणि बुंदीच्या कानाला रक्त. ती तयार गाद्यांच्या थप्पीवर चढली ती संध्याकाळपर्यंत उतरलीच नाही. दरोगानं गिऱ्हाइकाच्या कापसावर मूत सोडलं. असला अपमान त्यानं दुकानाचा कधी केला नव्हता.

“उज्मा की अम्मी, इसको वापस छोड़ आओ,” सत्तारभाई बायकोला लेकीच्या नावानं हाक मारत म्हणाले. नवराबायको आपसात हिंदीत बोलत. “मेरा दरोगा घर छोड़ देगा.”

“किसके पास छोड़ूँ? उनके घर को तो ताला है.”

तिनं थोडे दिवस मागून घेतले. मागच्या खोलीत, जुन्या खोळी ठेवत तिथं, बुंदीला पाणी, जेवण आणि वाळूचं घमेलं दिलं आणि दार लावलं. मग बसली पाहत.

दरोगा दाराच्या फटीशी तासभर नाक लावून बसला. मग उठला आणि रिकाम्या टोपलीपाशी गेला. टोपली हुंगली आणि तिच्यावरच फिस्कारला.

जहाँआराचा टाका थांबला. टोपलीत तर कुणीच नाही. मग हा फिस्कारतो कोणावर?

चाळीस वर्षं ती लोकांच्या जुन्या गाद्या उसवत आली होती. खोळ उघडली की घर कळायचं. कुठं कापूर, कुठं विडी, कुठं लेकरांचं मूत, कुठं गुडघ्याला चोळायचा बाम. माणूस पाहायची गरज नसे. आणि नव्या घरची गादी आली की ती कधी आपल्या कापसाशेजारी ठेवत नसे. आधी दोन दिवस उन्हात, मग आत. दरोगाच्या घरात तर तिनं अख्खं परकं घर एका झटक्यात ओतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं खोळीच्या कापडाचे दोन तुकडे फाडले. एक बुंदीच्या गालावरून फिरवला, दुसरा दरोगाच्या. मग अदलाबदल. बुंदी दरोगाच्या तुकड्यावर अंग चोरून बसली, पण बसली. दरोगानं ताटलीशेजारी बुंदीचा तुकडा पाहिला आणि जेवण सोडून गेला. तिनं तुकडा दोन हात लांब सरकवला. तो परत येऊन जेवला. मग रोज चार बोटं जवळ, चार बोटं जवळ. ज्या दिवशी त्यानं खाणं थांबवलं, त्या दिवशी चार बोटं मागं.

अमरावतीहून वच्छलाबाईंचा रोज फोन यायचा.

“काय म्हणते माही बुंदी?”

“दारामागं हाये. खाऊन राहिली.”

“कोंडून ठेवली काय वो?” वच्छलाबाईंचा आवाज जड झाला.

“कोंडली नाही ताई, ओळख करून देऊन राहिली. पोरगी पाहाले आले की त्याच दिवशी तिले सासरी नेता काय?”

पलीकडून हसू आलं. हाड मोडल्यापासून पहिल्यांदाच, असं रागिणीनं नंतर सांगितलं.

मग जहाँआरानं रोज तासभर दरोगाला दुकानात ठेवून बुंदीला घर मोकळं करून द्यायला सुरुवात केली. बुंदी भिंतीभिंतीनं फिरायची, आणि ती मागच्या खोलीत परतली की दरोगा तिच्याच वाटेनं, पावलापावलाला थांबत, सगळं हुंगत जायचा. त्या दोघांच्या मागं जहाँआरा. “काम पड़ा है और तुम बिल्ली के पीछे,” असं म्हणत सत्तारभाई आत यायचे आणि स्वतःही उभे राहून पाहायचे.

बाराव्या दिवशी मागच्या खोलीच्या चौकटीत मच्छरदाणीचं कापड ठोकलं. अलीकडं एक ताटली, पलीकडं एक. बुंदीनं दरोगाकडं पाहिलं. दरोगानं मान वळवून भिंतीकडं पाहिलं. जहाँआराला वाटलं, किती हा तोरा! पण तिनं नीट पाहिलं. त्यानं मान वळवली की बुंदीचे मागं चिकटलेले कान सरळ व्हायचे आणि ती खायला लागायची. एकटक पाहत राहिला की आखडायची. म्हणजे तोंड फिरवणं हा अपमान नव्हता. ती त्यांच्यातली अदब होती. हे कळल्यावर बाईला इतका आनंद झाला की तिनं मशीन बंद करायला लावून सत्तारभाईंना ते समजावून सांगितलं.

सोळाव्या दिवशी सत्तारभाईंनीच घाई केली. “हो गई दोस्ती,” म्हणत जाळी काढली. बुंदी घाबरून धावली. धावली म्हणून दरोगा मागं धावला. पाण्याचा माठ फुटला, बुंदी पुन्हा थप्पीवर. सत्तारभाईंनी हातोडी आणली आणि जाळी पुन्हा ठोकली.

आणखी तीन आठवडे गेले. मग जाळी निघाली ती कायमची. गळ्यात गळे काही पडले नाहीत. एक या खोलीत, एक त्या. मात्र एक नवल घडायला लागलं. खिडकीची फळी दरोगाची, सात वर्षांची वहिवाट. आता सकाळी अकराच्या सुमारास तो आपणहून खाली उतरायचा, आणि तो दारापर्यंत गेला की बुंदी चढायची. ना फिस्कारणं, ना झटापट. जहाँआरानं घड्याळ लावून पाहिलं. रोज तेच.

फेब्रुवारीत ती एस.टी.नं अमरावतीला गेली. वच्छलाबाई काठीवर चालत दारापर्यंत आल्या. रागिणीनं चहा केला. जहाँआरानं फोनमध्ये काढलेला त्या फळीचा व्हिडिओ दाखवला. वच्छलाबाईंनी तो तीनदा पाहिला.

“जाडी झाली वो! पण थो बोका उतरते काहून? ऊन सरकत असन.”

“मलेबी तसंच वाटलं. पण ढगाळ दिवशीबी उतरला.”

“मंग भूक लागत असन.”

“खाऊन घेते अन् मंग उतरते.”

“मंग?”

“मालूम नाही ताई. पाहून राहिली अजून.”

वच्छलाबाईंनी फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “मी पुढच्या मयन्यात अकोल्याले परत राहाले येईन म्हणतो. पण बुंदीले नेणार नाही आता. एवढं घर कमावलं तिनं, पुन्हा काहून उठवाचं?”

जहाँआरानं त्यांचा हात धरला.

रागिणी कप उचलायला आली होती, ती फोनवर वाकली. “मावशी, फोनमधल्या मांजरीनं मला काही होत नाही. मलाही पाठवा ना.”

“रोज पाठवीन,” जहाँआरा म्हणाली. “पण तुले काय वाटते पोरी, थो काहून उतरत असन?”

रागिणी कप खाली ठेवून त्यांच्यापाशी बसली. “पुन्हा लावा बरं,” ती म्हणाली.