बेपत्ता माणसाचं कुंकू

आमच्या यांच्यावर मी आयुष्यात एकदाच संशय घेतला आणि त्याची शिक्षा अजून भोगते आहे. माहेरी मी हुशार म्हणून गणली जायचे. त्यावरून माझ्या माहेरचा अंदाज करावा.

ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतलेल्या यांचं साताऱ्याकडच्या शेतीत मन रमेना. पिंपरीला कारखाना उभा राहिला तेव्हा हे फिटर म्हणून लागले. फौजेत गाड्या दुरुस्त केलेले हात, काम लगेच मिळालं. माणूस घरात लाखाचा. पोरांची वेणीफणी करायचे, भाजी निवडून द्यायचे. फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी सायकल काढायचे आणि तळवड्याच्या पुढे, इंद्रायणीपलीकडच्या एका खेड्यात जायचे. फौजेतल्या दोस्ताची म्हातारी आई आहे, एवढंच सांगायचे.

एकदा शेजारीण सहज म्हणाली, त्या दोस्ताला बायकोही असेल की. झालं. पुढे कित्येक दिवस माझ्या आमटीत मीठ नीट पडलं नाही. संक्रांतीला मी नवं लुगडं नेसले, वाण घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरवर चढून बसले. म्हटलं, सवत असेल तर हळदीकुंकवालाच बघून घेऊ.

नदीच्या उताराशी यांनी सायकल थांबवली आणि पाण्याकडे बघत सगळं सांगितलं. दोस्त यांच्या शेजारीच गोळी लागून पडला. मागे हटायच्या घाईत यांनीच त्याला मातीआड केलं. पुढे पलटणीची पांगापांग झाली, कोण कुठे याचा पत्ता लागेना, आणि सरकारी कागदावर तो बेपत्ताच राहिला. लढाई संपल्यावर हे त्याच्या घरी खरं सांगायलाच गेले होते. पण म्हातारीनं दारातच यांच्या पायांवर पाणी घालत विचारलं, "माझं लेकरू मागनं येतंय न्हवं?" आणि हे "व्हय" म्हणून बसले.

"तवापासनं तो माझ्या मागं हाय," हे म्हणाले. "मशीन बंद केलं की पाठीशी उभा असतो. विचारतो, घरी सांगितलंस का?"

मी मागे वळून पाहिलं. थट्टा नाही, खरंच पाहिलं. रस्ता मोकळा होता. तरी पुन्हा कॅरिअरवर बसताना मी जरा सरकून बसले.

घरी पोचलो. म्हातारीला आता दिसत नव्हतं. हे बाहेर गोठ्याचं मोडकं दार ठोकून नीट करत बसले. सून समोर आली. माझ्याच वयाची, हातात हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू. सवत शोधायला निघालेली मी करंडा उघडून नुसती बघत राहिले. लावावं तर मेलेल्या माणसाच्या नावानं. न लावावं तर सासूच्या समोर तिला विधवा करायची.

"लावलंस का गं तिला?" म्हातारीनं विचारलं.

सून पुढे सरकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "लावा ताई. मला ठाव हाय. पयल्याच दिशी कळलं. व्हय म्हनले, पर माज्याकडं बघितलं न्हाई त्यांनी."

माझं बोट कुंकवात तसंच राहिलं.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "मला ठाव हाय हे कळलं, तर लाजंनं पुन्यांदा यायचे न्हाईत. ते येत्यात म्हनून आत्याबाईंना वाटतं, ल्योक बी वाटंवर हाय."

मी कुंकू लावलं. तिनं मला लावलं. 

परत निघालो. गाव मागे पडल्यावर यांनी विचारलं, "लावलंस?"

"लावलं."

"काय बोलली का ती?"

एका वाक्यात यांची पाठ मोकळी झाली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"तिळगूळ चांगला झालाय म्हणाली," मी म्हटलं.

पुढे चढ लागला. मी उतरून मागून चालू लागले, हे सायकल ढकलत होते. अधूनमधून मान वळवून मागे बघायचे, आणि दर वेळी त्यांची नजर माझ्या जरा बाजूला पडायची.