बैल आळ्याच्या वाटेला लागले

बाई रस्त्याच्या कडेला पडली होती आणि तिच्या अंगावरून गेलेल्या चाकाची रेघ फुफाट्यात तशीच सरळ पुढे गेली होती. कुठे वळली नव्हती, थांबली नव्हती. मी पुष्कळ मेलेली माणसे पाहिली, पण ती सरळ रेघ अजून डोळ्यांपुढून जात नाही.

माझे मालक आमच्या गावचे पोलीस पाटील. ते वारले तेव्हा मुलगा अज्ञान होता. म्हणून कागदावर सही गुमास्ता करी आणि काम मी करी. मराठी चार इयत्ता शिकले होते, पंचनामा वाचता येत होता. मुलगा कर्ता झाला तेव्हा पाटीलकी त्याच्या हाती देऊन मोकळी झाले.

त्या दिवशी उजाडता उजाडता गावचा राखणदार जागल्या बोलवायला आला. नारायणगावाहून येताना एक वाट येडगावाकडे आमच्या गावाला जाते, दुसरी आळ्याला. त्या फाट्याच्या थोडे पुढे, आळ्याच्या वाटेवर, आमच्याच शिवेत हे घडले होते.

मेलेली बाई आणि तिची धाकटी जाऊ भाजीच्या पाट्या घेऊन अंधारातच नारायणगावच्या बाजाराला निघाल्या होत्या. धाकटीचा पाय चिरडला होता. जुन्नरचा एक मुसलमान टांगेवाला रिकामा येत होता, त्याने तिला टांग्यात घालून दवाखान्यात पोचवले. फौजदार दुपारी आले. तोवर बाजाराच्या गाड्यांनी चाकोरी पुसून टाकली होती. टांग्यात रक्त दिसले, त्यांनी टांगेवाल्यालाच कोठडीत घातले.

"साहेब, यानं मारलं असतं तर उचलून कशाला आणलं असतं?" मी विचारले.

"घाबरून. पाटलीणबाई, तुम्ही पंचांची नावं द्या, तपास आमच्याकडं ठेवा."

टांगेवाला गजांमागून म्हणाला, "बाई, घोडं सकाळधरनं उन्हात बांधलंय. त्याला तरी कुनी पानी दावा." बाकी त्याने काही मागितले नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटी शुद्धीवर आली. मी जबानी घ्यायला गेले.

"घुंगरं वाजली. आमी कडंला झालो, तर गाडी बी कडंलाच आली. आमी लई वरडलो."

"हाकणारा काय म्हणाला?"

"कोनीच काय बोललं न्हाई, बाई. निस्ती घुंगरं वाजत गेली."

फौजदार म्हणाले, टांग्याच्या घोड्यालाही घुंगरं असतात. ते खरेच होते.

चौथ्या दिवशी आळ्याचा एक शेतकरी चावडीवर आला. माझ्या धाकट्या दिराने आठ दिवसांपूर्वी त्याच्याकडून छकड्याची खोंडे विकत घेतली होती. तो हसतच आला.

"पाटलीणबाई, आमी दिराला बैल इकलं का तुमी आमाला दीर दिला?"

"काय झालं?"

"बाजाराच्या सकाळी उठून बघतो, तर छकडा माज्या गोठ्याम्होरं उभा! बैल दावनीवर तोंड घालून खात्यात, आन आत तुमचा दीर आन दोन सोबती, तिगं घोरत्यात. नारायनगावात तमाशा बघून गुत्त्यावरनं निघाल्यालं. जनावर मूळ घर इसरतं व्हय? लई हसलो राव!"

चावडीवरचे सगळे हसले. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. बैल घरची वाट ओळखतात, म्हणून कासरा खुंट्याला बांधून माणूस गाडीत झोपतो. शुद्धीतला माणूस फाट्यावर तरी डोळे उघडतो. या तिघांना बैल नवे आहेत हेच आठवले नाही. आणि आळ्यात जाग आल्यावर लाजेने ते आडवाटेने घरी आले. मला दीर एवढेच म्हणाला होता, "उशीर झाला, वैनी."

मी घरी गेले, छकड्याखाली वाकून पाहिले. आसाच्या टोकाला मेलेल्या बाईच्या लुगड्याचा लाल काठ गुंडाळलेला होता.

तिघांना परसात उभे केले. "कासरा कुणाच्या हातात होता?"

दिराने सोबत्याकडे बोट केले. सोबती म्हणाला, "म्या तर गुत्त्यातनं निघाल्या निघाल्या आडवा झालो." तिसरा म्हणाला, "बांधला व्हता की. बैलास्नी वाट ठावी असती."

"धक्का लागला नाही? आरडाओरडा ऐकला नाही?"

दीर म्हणाला, "कसला धक्का, वैनी?"

खोटे बोलणारा आधी समोरच्याला किती ठाऊक आहे ते चाचपतो. हा चाचपत नव्हता. त्याला खरेच काही माहीत नव्हते. बाई चाकाखाली ओरडत होती आणि वर हा वीतभर अंतरावर झोपला होता.

सासूबाई म्हणाल्या, "तो काठ चुलीत घाल. टांगेवाला आपला कोन लागतो?"

"कुणी नाही," मी म्हणाले. काठ फडक्यात बांधला आणि दिराला त्याच छकड्यातून फौजदारापुढे नेले. कासरा जागल्याकडे दिला. वाटेत फाट्यावर त्याने तो सैल सोडला, तशी खोंडे आळ्याकडे वळली. दिराने ते पाहिले आणि तो खाली बसून ओकला.

टांगेवाला सुटला. तिघांना शिक्षा झाली. सासूबाई मरेपर्यंत माझ्या हातचे पाणी प्याल्या नाहीत.

दारू प्यालेला माणूस गाडी वाईट हाकतो, असे मी समजत होते. तो हाकतच नाही. गाडी आपली चालत असते. हे मी पुढे गावातल्या प्रत्येक पोराला तोंडावर सांगितले. काही हसले.

थोरली जाऊ जागीच गेली. धाकटी जगली, गुडघ्याखाली पाय कापून. छकड्यातले तिघेही जगले, त्यांना खरचटलेसुद्धा नव्हते.