मस्टरवर नसलेली बाई

१९५३चा फेब्रुवारी, सोमवार. मागितलेली रक्कम दोनशे रुपये. कचेरीत हजर चौघं: लाकूड कंपनीचे मॅनेजर, मुकादम, मी कारकून, आणि दाभोशाचा एक झाडं तोडणारा. त्याची बायको बाहेर बैलगाडीत पेंढ्यावर पडून होती. शनिवारी दुपारी मोखाड्याच्या जंगलात सागाचा ओंडका घरंगळून तिच्या पायावर आला होता.

जव्हार संस्थान विलीन झालं, वेठ बंद झाली, आणि काही दिवसांनी मुंबईहून कंपनीचा छापील फलक आला. प्रत्येक मजुराला, बाई असो वा पुरुष, स्वतःच्या नावाने मजुरी. कामावर मोठी जखम झाली तर दोनशे रुपये आणि औषधपाणी. तो फलक मीच मोठ्याने वाचून दाखवला होता. वाचताना बरं वाटलं होतं.

पण आमच्याकडे मजुरी कुऱ्हाडीवर. एक कुऱ्हाड म्हणजे नवरा-बायको: तो तोडणार, ती फांद्या साळून ओंडके ओढणार. दिवसाला दीड रुपया. बाई एखाद दिवस तापाने पडली तरी दर तोच, म्हणून त्या लोकांनाही तसंच हवं होतं. मस्टर नावाने करायचा हुकूम आला तेव्हा मी प्रत्येक कुऱ्हाडीपुढे पुरुषाचं नाव लिहिलं. बेचाळीस कुऱ्हाडी, बेचाळीस नावं. बेरीज जुळली, मी वही मिटली.

"हिचं नाव दाखवा," मॅनेजर म्हणाले.

नाव नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी पानं उलटली.

"ती माझेच कुऱ्हाडीत आहे ना, सायेब," तोडणारा म्हणाला.

मुकादम हसला. "कुऱ्हाडीला पाय कधीपासून फुटले रे?"

"दांडा तर असतो ना, मुकादम? दांडा मोडला तं पातं काय करील?"

मग तो माझ्याकडे वळला. "कारकून भाऊ, तूच लिहितोस ना? आता लिही. नाव मी सांगतो."

"मागच्या तारखेला लिहिलंत तर तो खोटा मस्टर," मॅनेजर म्हणाले. "आणि एक बाई चढवलीत तर उरलेल्या एकेचाळीस उद्या दारात."

खोटी नोंद मी कधी केली नव्हती, असं मी मानत होतो. बेचाळीस बायका माझ्याच अक्षरात गाळलेल्या होत्या, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. घरी चार मुलं, पगार पंचावन्न. मी पेनला टोपण लावलं. मुंबईला पत्र टाकतो, असं त्याला सांगितलं. टाकलं नाही.

जव्हारच्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापला. पुढच्या हंगामात त्यांच्या जागी दुसरी जोडी आली. त्या जोडीचंही एकच नाव लिहिलं.

दोनशेतला एक रुपयाही दिला गेला नाही. शनिवार दुपारपासून कुऱ्हाड बंद, म्हणून त्या आठवड्याच्या साडेपाच दिवसांच्या मजुरीचे आठ रुपये चार आणे, नवऱ्याच्या हातात, त्याचा अंगठा घेऊन.