दुसऱ्या पानावरच्या अटी

वकिलीची परीक्षा पास होऊन दोन वर्षं कोर्टात काळा कोट घालून बसले, पण पक्षकार काही फिरकेनात. मग कोल्हापुरातल्याच एका ठेकेदाराकडे नोकरी धरली. गॅसची पाइपलाइन ज्यांच्या शेताखालून जाणार होती, त्यांच्या संमतीच्या सह्या आणायचं काम माझ्याकडे आलं. जमीन शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खोदायची नाही, झाडं लावायची नाहीत. या अटी कागदाच्या दुसऱ्या पानावर होत्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मागचं पान वाचून दाखवत बसू नका. कुणी विचारलंच तर सांगा."

कागलच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीकडच्या एका गावात एक बाई एकट्या राहायच्या. साठीच्या. नवरा वारलेला, मुलगी लांब दिलेली. दोन म्हशी आणि दीड एकर रान. गावात सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. सही करायच्या आधी पेन हातात धरून त्यांनी विचारलं, "पाइप पुरल्यावर वर काय बी लावता येतंय न्हवं? ह्या कडंला आंबं लावायचं मनात हाय."

त्यांनी विचारलं होतं. पण आदल्या दिवशी झाडांचं ऐकून दोघांनी मला परत पाठवलं होतं आणि त्या आठवड्यात माझ्याकडे एकही सही नव्हती.

"लावा की, अक्का," मी म्हणाले.

घरी मी असं बोलत नाही. त्यांना मी आपली वाटावी म्हणून तो 'की' मुद्दाम जोडला. त्यांनी सही केली आणि मला तांब्याभर ताक दिलं.

दोन वर्षांनी लाइनची पाहणी करणाऱ्या माणसानं कळवलं, की पट्ट्यात सात आंबे आहेत. साहेब स्वतः निघाले. "तुमची ओळख आहे," म्हणत मलाही जीपमध्ये घेतलं. झाडं माझ्या खांद्याला लागत होती. प्रत्येकाला नीट आळं केलेलं, शेरडांनी तोंड लावू नये म्हणून भोवती काटेरी फांद्या रोवलेल्या.

मला बघून अक्कांना धीर आला. "आली बघा बाई," त्या साहेबांना म्हणाल्या. "हिलाच इचारा. हिनंच सांगितलंय, लावा म्हणून."

साहेब माझ्याकडे वळले.

"मी पिकाबद्दल बोलले होते, सर," मी म्हणाले. "सोयाबीन, भुईमूग. झाडांबद्दल नाही."

आता त्या ओरडतील असं वाटलं. तिकडे साध्या बोलण्यातही आवाज चढलेला असतो. पण त्या घरात गेल्या. कुदळ आणून एक झाड मुळासकट निघतंय का बघू लागल्या. साहेबांनी बरोबर आणलेल्या गड्यांनी बाकीची सहा तोडली. मी जीपच्या पलीकडे जाऊन फोन कानाला लावून उभी राहिले. फोन कुणाचाच नव्हता.

पुढचे काही महिने मी त्या रस्त्यानं जायचं टाळलं. शेवटी एका रविवारी एसटीनं एकटीच गेले. अक्का गोठ्यात वैरण टाकत होत्या.

"अक्का, मी तुमच्याशी खोटं बोलले. दोन्ही वेळा."

"मला ठावं हाय की." त्या वैरण टाकतच राहिल्या. "तवाच खरं सांगितली असतीस, तर पलीकडच्या बांधाला लावली असती. एवढंच. सही तर मी केलीच असती."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी काढलेल्या झाडाचं काय झालं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"सायबाम्होरं तसं का बोललीस?"

"नोकरी जाईल म्हणून."

"मग ऱ्हायली न्हवं?"

"राहिली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोसलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगायला मी गेले होते. झाडं तोडल्याच्या दिवशी ऑफिसात परतल्यावर मी अहवाल लिहिला होता: जमीनमालकास अटींची पूर्ण कल्पना असूनही त्यांनी भंग केला. खाली माझी सही. ते काही तोंडातून निघालं नाही. पाच वाजताच्या गाडीनं मी परत आले. तो अहवाल फाइलमध्ये अजून तसाच आहे.