नॉर्वेत आपलं कोन हाय?

आमच्या व्याह्यांना या पृथ्वीच्या पाठीवर परकं गाव म्हणून माहीतच नव्हतं. कडावला त्यांचं घर, भाताची शेती, गोठ्यात म्हशी आणि तालुकाभर पसरलेलं गोत. पण गोत नसलेल्या ठिकाणीही त्यांचं काही अडायचं नाही. ज्या गावात पाय ठेवला, तिथे कुणाच्या तरी घरी तांब्याभर पाणी प्यायल्याशिवाय हा माणूस परत फिरायचा नाही. तसंच परतलं तर त्या गावाचा अपमान होतो, असा त्यांचा पक्का समज. खालापूरला कुणा पाहुण्याच्या सातबाऱ्यासाठी कचेरीत गेले, की काम होवो न होवो, येताना कितीतरी घरी चहा पिऊन यायचे आणि त्या सगळ्या घरांतल्या सुनांची माहेरं पाठ करून यायचे. कळवून जाणं त्यांना मंजूरच नव्हतं. "कळवून जायला आपन काय सरकारी साहेब हाय?" असं ते अख्ख्या कर्जत तालुक्याला विचारायचे.

माझ्या लेकीला बघायला आले, तेव्हाची गोष्ट ऐका. मी सकाळपासून घर लखलखीत करून, पोह्यांवर खोबरं पेरून दारात उभी. मुलगा आला, मुलाची मावशी आली, मुलाचे वडील गायब! ते कर्जतला आमच्या आळीत शिरताना चुकून अलीकडच्या घरात गेले होते. तिथे पाणी झालं, चहा झाला, त्या घरच्या आजींची चुलत बहीण कडावलाच दिली होती हा शोध लागला, आणि मग गृहस्थ सावकाश आमच्याकडे आले ते त्या आजींना बरोबर घेऊन. आमच्याच शेजारणीची माझ्याच घरी मला ओळख करून दिली! "विहीनबाई, तुमच्या बाजूलाच आपली मानसं, आनि तुमी सांगितलं नाय?" तेव्हा मी अजून विहीणबाई झालेही नव्हते. त्या शेजारणीशी माझं पाच-सहा वर्षांत नळाच्या पाण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं, हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

मला या माणसाची फार लाज वाटायची. उगाच गोड बोलण्यात काय अर्थ आहे? माणूस सोन्यासारखा, पण त्याच्याबरोबर बाहेर पडायची वेळ आली की मी सबबी शोधायचे. एकदा आम्ही सगळे गाडीनं निघालो आणि कुंभिवलीजवळ टायर बसला. आमचे हे पंक्चरवाल्याशी बोलतायत, मी गाडीत एसीत बसलेय, आणि व्याही दिसेनात. जरा वेळानं दुकानामागच्या घरातून एक अनोळखी बाई बाहेर आली आणि मला म्हणाली, "ताई, चला ना, तुमचं व्याही जेवाया बसलंत, तुमीपन घ्या दोन घास." आत जाऊन बघते तर हे पाटावर! पुढ्यात तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. मी हळूच विचारलं, "ओळखीचे आहेत का?" तर मोठ्यांदा म्हणाले, "झाली ना आता वळख!" धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आमचे हे मात्र हात धुऊन त्यांच्या शेजारी बसले. ह्यांना कशाचीच लाज नाही, ते एक वेगळंच प्रकरण आहे.

तर अशा माणसाला बोटीनं उत्तर ध्रुवाच्या बाजूला न्यायचं आमच्या जावयाच्या मनात आलं. नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं पार वरच्या टोकापर्यंत जाणारी मोठी बोट. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली, वडील एकटे पडलेत, म्हणून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना घेऊन सगळ्यांनी मिळून जायचं असा बेत होता. मग जावयाची रजा नामंजूर झाली, लेकीनं त्याच्यापायी आपलंही रद्द केलं, आणि उरलो आम्ही तिघं. लेक फोनवर म्हणाली, "आई, तिकडच्या बाबांना एकटं सोडू नकोस हं. आणि सगळ्यांसमोर त्यांना काही बोलू नकोस." हे दुसरं वाक्य मला झोंबलं, पण पोरगी आईला ओळखून होती.

बोट जिथे जिथे थांबते, तिथे उतरून काय बघायचं ते आधीच ठरवून कळवावं लागतं. कंपनीनं त्यासाठी एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका पाठवली होती. कडावच्या ओटीवर आमची बैठक बसली. व्याह्यांनी चष्मा पुसला, पुस्तिका मांडीवर घेतली, पहिल्या बंदराचं चित्र बघितलं आणि विचारलं, "हितं आपलं कोन हाय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तिथे दोरीच्या पाळण्यातून डोंगरावर नेतात."

"आनि वर कोन हाय?"

"वर कुणी नसतं हो. वरून खालचं दिसतं!"

त्यांनी माझ्याकडे फार कीव येऊन बघितलं. पान उलटलं. देवमासे दाखवायला नेतात म्हटल्यावर, "तो पान्याच्या आत, आपन वर, बोलायचं काय त्याच्याशी?" कुत्र्यांच्या गाडीतून फिरवतात म्हटल्यावर तर त्यांना रागच आला. "कुत्र्यानं दारात बसायचं. त्याला जुपलं तर घर कोन राखंल?" प्रत्येक पानाला मी दात-ओठ खात होते आणि आमचे हे "बरोबर आहे, बरोबर आहे" करत चहा पीत होते. शेवटी मला एक नामी पान सापडलं. तिकडच्या एका रेनडिअर पाळणाऱ्या कुटुंबाकडे नेतात, शेकोटीपाशी बसवतात, कॉफी देतात. मी विजयी मुद्रेनं ते त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, घर!" व्याह्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! मग त्यांनी सावकाश चौकशी केली. किती जण जायचं? बसभर. आधी नाव नोंदवायचं? हो. आणि तिकीट? आहे. त्यांनी पुस्तिका मिटली. "पाव्हन्याला तिकीट? विहीनबाई, ही खानावळ झाली."

त्यानंतर हा माणूस नॉर्वेत ओळख काढायच्या मागे लागला. कडावात विचारून झालं, कर्जतच्या बाजारात दुकानागणिक विचारून झालं. औषधांच्या दुकानदाराचा भाचा स्वीडनला आहे, असं कळल्यावर पेढे घेऊन आमच्याकडे आले. स्वीडन हा वेगळा देश आहे आणि बोट तिकडे जात नाही, हे सांगितल्यावर म्हणाले, "पन शिवंला शीव हाय ना?" मी नकाशा दाखवला. मग दोन दिवस ते पुस्तिकाच चाळत बसले. आणि तिसऱ्या दिवशी पुस्तिकेतल्या एका चिमुकल्या गावावर बोट ठेवून त्यांनी निकाल दिला. दोन डोंगरांच्या बेचक्यात पाणी, काठावर मोजकी लाकडी घरं, आणि त्यातल्या एका तांबड्या घराच्या छपरावर चक्क गवत उगवलेलं. "ह्ये बगा. गवताचं छप्पर. आमच्या आज्याचं असंच व्हतं. ही आपल्यातलीच मानसं. त्या दिशी मी ह्यांच्याकडं जानार." कंपनीच्या मुलीनं फोनवर विचारलं, त्या दिवशी काय लिहू? आमचे हे म्हणाले, "लिहा, पाहुणे म्हणून जाणार आहेत." मी ह्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

प्रवासाआधी ठाण्याला एका हॉलमध्ये सगळ्या प्रवाशांची भेट होती. मंडळी सगळी मुरलेली. कोण लंडनहून परवाच आलेलं, कोणाचे बूट खास बर्फाचे. शंका विचारा म्हटल्यावर लोकांनी बॅगेचं वजन विचारलं, जैन जेवण विचारलं. मग आमचे व्याही उठले. पांढरी टोपी नीट केली आणि म्हणाले, "तिकडची मानसं तांदूळ खातात का? कुनाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं म्हंजे बरं नाय दिसत." हॉल हसला. वाईट हसला नाही, पण हसला. मी पर्सची चेन उघडत होते आणि लावत होते.

बोटीवरचं सगळं सांगत बसत नाही. लावणी आटोपून ऑगस्टात आम्ही निघालो. आठवडा व्हायच्या आत निम्म्या बोटीला ते "राम राम" घालत होते, आणि वाढणारा फिलिपिनो मुलगा डिसेंबरात कडावला येणार असं ठरलं होतं. भाषेवाचून हे कसं ठरलं ते मला विचारू नका. मोठ्या बंदरांत ते आमच्याबरोबर फिरले. कुरकुर केली नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या एका गावाकडे लागलं होतं.

ते गाव आलं. आमचे हे बसमधून धबधबे बघायला गेले. भिवपुरीचे धबधबे घरापासून हाकेच्या अंतरावर, ते कधी बघितले नाहीत, पण असो. मला व्याह्यांबरोबर जाणं भाग होतं. त्यांनी नवं धोतर नेसलं होतं, त्यावर जावयानं घेतलेलं जाडजूड जाकीट, डोक्याला टोपी आणि हातात आपल्या शेतातल्या तांदळाचं गाठोडं, वर लाल फडकं बांधलेलं. बोटीतली माणसं फोटो काढत होती. मी दहा पावलं मागे राहून चालले, म्हणजे बघणाऱ्याला आम्ही वेगवेगळे वाटू. चढण चढून गेलो, आणि ते घर होतं तिथेच. तसंच तांबडं, छपरावर हिरवंगार गवत, खिडकीत पडदा. व्याह्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या. त्या थंडीत! आणि अंगणात उभं राहून, कडावात हाक मारतात तशीच मोकळ्या गळ्यानं हाक मारली. "हाय का कोनी घरात?"

पडदा हलला. जरा वेळ गेला. मग दार थोडंसं, चेहऱ्यापुरतं उघडलं. माझ्याच वयाची बाई. नीटनेटकी, केस मागे बांधलेले. तिनं इंग्रजीत विचारलं, काय हवंय. व्याही हसून माझ्याकडे वळले. "सांगा, विहीनबाई. म्हनावं कडावाहून आलोय. पानी पिऊन जातो."

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, यांना पेलाभर पाणी हवंय. बाई म्हणाली, खाली धक्क्यावर कॅफे आहे, तिथे मिळेल. स्वच्छतागृहही आहे. अगदी सौजन्यानं म्हणाली. व्याह्यांना शब्द कळले नाहीत. त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी पुढे केलं. बाईनं त्याकडे बघितलं, मान हलवली, हसली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही हो. अगदी हळू लावलं. आतून कडी लागली तेवढी ऐकू आली.

त्या हसण्याची मला ओळख पटली. कर्जतला जाळीच्या दाराआडून मी तस्संच हसते. वर्गणीवाले आले की, पत्ता विचारायला कुणी आलं की, उन्हातून चालत आलेल्या कुणी पाणी मागितलं की. "पुढे हॉटेल आहे बघा," म्हणते. उद्धट कधीच बोलत नाही. आजवर मला व्याह्यांची लाज वाटत आली होती. तिथे त्या दारासमोर मात्र कुणाकडे बघावं ते मला कळेना.

व्याही गाठोडं धरून उभेच होते. "आजारी-बिजारी हाय का कोन घरात?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. मला खोटं बोलता आलं असतं, पण तेवढंही सुचलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा असा उतरला, की पुस्तिका मिटून आपण त्यांना घरीच का ठेवलं नाही, असं मला वाटलं. त्यांनी फाटकाशी येऊन चपला घातल्या, फाटक नीट लावलं आणि म्हणाले, "बाईची काय चूक नाय, विहीनबाई. आपन कळवलं नवतं."

उतरताना मी त्यांच्या शेजारून चालले. धक्क्यावरच्या कॅफेत ते बाटलीतलं पाणी प्यायले. तांदूळ त्या फिलिपिनो मुलाला देऊन टाकले. पुढच्या प्रत्येक बंदरात ते कंपनीचा गोल बिल्ला छातीला लावून सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसत, जे दाखवतील ते बघत आणि "छान हाय" म्हणत. पार वरच्या टोकाला गेलो, पुढे नुसता समुद्र, तिथेही म्हणाले, "छान हाय." कुठेच त्यांनी कोण राहतं म्हणून विचारलं नाही. गावी परतल्यावर ओटीवर माणसं जमली, तेव्हा धबधबे सांगितले, बोटीचे मजले सांगितले. त्या घराचं नाव काढलं नाही. मीही ह्यांना काही सांगितलं नाही.

व्याही अजून कर्जतला येतात. बाजारात काही काम असलं की येतातच. फक्त आता आधी फोन करतात. "विहीनबाई, येऊ का? तुमाला जमत असंल तरच." मी म्हणते, अहो, हे काय विचारणं झालं, तुमचंच घर आहे. तुम्ही सरळ यायचं. ते "बरं" म्हणतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा फोन येतो. लेकीला वाटतं, बाबा आता किती समजूतदार झाले. आणि मी फोन ठेवते, आणि गॅलरीतले कपडे काढते, सोफ्यावरचा पसारा उचलते, केसांवरून फणी फिरवते, चहाचं आधण ठेवते. ते येईपर्यंत सगळं कसं जागच्या जागी झालेलं असतं. आधी असा वेळ मिळत नव्हता म्हणून मी किती चिडायचे. आता मिळतो, आणि मला तो लागतोही, याचीच लाज वाटते.