जपानच्या लाइनअपमधले थायलंडचे रणगाडे आणि अम्माचं ताट

मंडळी, सकाळी याच ग्रुपवर मी बोंब ठोकली होती. आपल्या रणगाड्यांच्या गेममध्ये जपानच्या लाइनअपला, म्हणजे त्यांच्या गाड्यांच्या यादीला, थायलंडचे रणगाडे जोडले, म्हणून. "स्वतःचं काही नाही, तर दुसऱ्याच्या घरात कशाला घुसायचं?" असं लिहिलं आणि तुम्ही धडाधड लाइक दिले.

दुपारी कॉलेजातल्या मित्राकडे, वेंकटेशकडे, खेळायला बसलो, तिथंही माझं तोंड चालूच. त्याची आई आत भाकरी थापत होती. मीही तिला अम्माच म्हणतो. तिनं विचारलं, "कोण घुसलं रे कुणाच्या घरात?"

वेंकटेशनं तिला तेलुगूत सगळं समजावलं.

"मग ती गाडी लढते कुणाकडून?"

"जपानकडूनच की," मी म्हणालो.

"मग झालं की. जेवा आता."

तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं. आमटी वेगळी काढलेली, कमी तिखटाची. मला तिखट झेपत नाही, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

मी वैरागचा. कॉलेजला सोलापुरात आलो, मेसचं जेवण सोसेना, तेव्हापासून या तेलुगू घरात जेवतोय. तू कुणातला, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

वेंकटेशनं शेंगाचटणी तेवढी माझ्याकडं सरकवली. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अम्माकडं मान वर करून बघवलं नाही.

सकाळची पोस्ट काढत नाही, राहू दे तिथंच. पण लाइक देणाऱ्यांनो, खरं सांगा, तुमच्यातला कोण कधीच दुसऱ्याच्या घरी जेवला नाही?